पाच स्टार, एक स्टार आणि मधला वेटर

केमहून पुण्याला शिकायला गेलेला माझा एक मित्र शनिवार-रविवार एका क्राफ्ट बिअरच्या रेस्टॉरंटमध्ये वेटरचं काम करतो. तिथे त्याला वेटर म्हणत नाहीत, ‘सर्व्हर’ म्हणतात. काळा शर्ट, काळा एप्रन आणि छातीवर नावाची पट्टी. दिवाळीच्या सुट्टीत गावी आला होता. स्टेशनबाहेरच्या टपरीवर चहा घेता घेता त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. म्हणाला, “हे वाच आधी.”

एकाच शनिवारी त्या हॉटेलवर पडलेले दोन रिव्ह्यू होते. पहिल्याला पाच स्टार. बिअर ताजी, म्युझिक झकास, सर्व्हिस एक नंबर, पुन्हा येणार. दुसऱ्याला एक स्टार. टेबलासाठी पाऊण तास ताटकळलो, स्टार्टर गार, हवी ती बिअर संपलेली, बिलात न विचारता दहा टक्के सर्व्हिस चार्ज आणि वर सर्व्हर उद्धट. त्याखाली माझ्या मित्राचं नाव.

“दोन्ही टेबलं माझीच होती,” तो म्हणाला. “पहिलं साडेसातचं, दुसरं साडेनऊचं.”

“मग खरं कोण बोलतंय?”

“दोघंबी.”

सोमवारी मॅनेजरने त्याला बोलावून घेतलं. पाच स्टारवाल्या रिव्ह्यूचा विषयही निघाला नाही. एक स्टारवाल्याचा निघाला, आणि पुढचे दोन वीकेंड त्याला ड्युटी मिळाली नाही. खोलीभाडं त्याच पैशातून जातं. आता प्रश्न असा, की दोन्ही ग्राहक खरं बोलत असतील आणि मित्रानेही काही वाईट केलं नसेल, तर त्या दोन तासांत नेमकं बिघडलं काय?

देवळालीपासून सुरुवात

आपल्याकडे हे प्रकरण फार जुनं नाही. ‘डूलाली’ ही राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी मानली जाते. ती २००९ मध्ये पुण्यात सुरू झाली. तिच्या नावातली गंमत बऱ्याच जणांना ठाऊक नसते. नाशिकजवळच्या देवळालीला ब्रिटिश सैन्याची छावणी होती. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत सैनिक तिथे महिनोन्महिने पडून राहायचे. उकाडा आणि कंटाळ्याने काहींचं डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणजे वेडा झालेला असा शब्दच रूढ झाला. एका मराठी गावाचं नाव इंग्रजी डिक्शनरीत गेलं आणि शंभरेक वर्षांनी बिअरच्या ग्लासावर बसून पुण्यात परत आलं.

नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत पुणे-मुंबईत अशी बरीच ठिकाणं उघडली. ‘इंडिपेंडन्स’ आणि ‘एफिंगट’ पुण्यातून पुढे आले, बंगळूरचं ‘टॉइट’ पुण्यात आलं, ‘ग्रेट स्टेट एल वर्क्स’ने तर कोकम आणि मीठ घालून बिअर केली. आज अशी जागा म्हणजे नुसता बार राहिलेला नाही. तिथे वाढदिवस होतात, ऑफिसच्या पार्ट्या होतात, मॅच बघायला गर्दी होते. न पिणारेही पिझ्झा खायला जातात. सोलापूर, लातूर, बीडकडून आलेली पोरं-पोरी कधी ग्राहक म्हणून दारातून आत जातात, तर कधी माझ्या मित्रासारखी मागच्या दाराने कामाला जातात.

साडेसात आणि साडेनऊच्या मधे

कॉमर्स किंवा इंजिनीअरिंगला ‘क्यूइंग थिअरी’ शिकलेल्यांना हे गणित लगेच कळेल. समजा हॉटेलात ४० टेबलं आहेत आणि एक ग्रुप सरासरी दोन तास बसतो. म्हणजे तासाला २० टेबलं रिकामी होतात. आठच्या सुमारास हॉटेल भरलेलं आहे आणि आठ ते दहा या वेळात तासाला ३० ग्रुप येत राहिले. दोन तासांत ६० ग्रुप आले, ४० बसले, २० दाराबाहेर राहिले. दहाला आलेल्या शेवटच्या ग्रुपला टेबल मिळायला अकरा वाजणार. यात कुणीही आळस केलेला नाही. सगळे मान मोडून काम करत असतानाही हे असंच होणार.

किचनमध्ये तर आणखी वाईट अवस्था असते. एकच काउंटर, ग्राहक कधीही येणार, प्रत्येकाला लागणारा वेळ कमी-जास्त, अशा ठिकाणी रांग कशी वाढते याचं एक सोपं सूत्र आहे. काउंटर निम्मा वेळ गुंतलेला असेल, तर सरासरी वाट एका कामाला लागतो तेवढीच बघावी लागते. ८० टक्के गुंतलेला असेल, तर चौपट. ९० टक्के झाला, की नऊपट. एका डिशला पाच मिनिटं धरा. वाट बघणं पाच मिनिटांवरून वीस मिनिटांवर आणि तिथून थेट पाऊण तासावर जातं. ८० वरून ९० वर जाताना काम थोडंसंच वाढलं, पण वाट दुपटीहून जास्त लांबली.

साडेसातच्या टेबलाला किचन निम्मं मोकळं मिळालं. साडेनऊच्या टेबलाला तेच किचन तुंबलेलं मिळालं. आचारी तेच, मसाला तोच, सर्व्हरही तोच. मित्र म्हणतो, “साडेसातला माझ्याकडं चार टेबलं असतात, साडेनऊला नऊ. केओटी टाकून मी किचनच्या खिडकीशी उभा राहतो. तिथनं हलता येत नाही, आणि इकडं गिऱ्हाइकाला वाटतं हा पोरगा गायब झाला.” जेवण तयार होऊन खिडकीत पडून राहिलं, की ते गार होतं. रिव्ह्यूत ‘स्टार्टर गार’ लिहिलं जातं ते याचंच.

यात मालकाचा दोष नाही का? आहे. शनिवारी किती गर्दी होते हे त्याला दर शनिवारी दिसतं. माणसं वाढवणं, गर्दीच्या वेळी मेन्यू छोटा करणं, दारातच “तासभर लागेल” असं स्पष्ट सांगणं त्याच्या हातात आहे. पण तासभर सांगितलं तर गिऱ्हाईक शेजारच्या हॉटेलात जाईल, म्हणून सांगितलं जातं “बस, दहा मिनिटं.” मग त्या दहा मिनिटांचा राग निघतो तो टेबलाशी येणाऱ्या पहिल्या माणसावर.

‘संपली’ म्हणजे खरंच संपली

“मेन्यूत आहे ना, मग का नाही?” हा तिथला रोजचा प्रश्न. बाटलीतली बिअर संपली तर गोडाउनमधून क्रेट येतो. क्राफ्ट बिअरचं तसं नसतं. मोड आणून भाजलेलं सातू म्हणजे माल्ट, हॉप्स, यीस्ट आणि पाणी यातून ती छोट्या टाक्यांत बनते. एल प्रकारची बिअर साधारण १५ ते २४ अंशांत आंबते आणि दोनेक आठवड्यांत तयार होते. लागर थंडीत सावकाश आंबते, तिला महिना-दीड महिना लागतो. आज टाकी रिकामी झाली, तर आज कितीही ओरडलं तरी ती आज भरत नाही. घरी इडलीचं पीठ आंबवणाऱ्या आईला हे समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरी गडबड चवीची. आपल्याकडे बहुतेकांना बिअर म्हणजे बर्फासारखी गार, पिवळी, स्वच्छ लागर एवढंच ठाऊक असतं. त्याच्यापुढे गव्हाची जर्मन पद्धतीची बिअर आली, की तो म्हणतो ही गढूळ आहे. ती गढूळच असते. तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो तो यीस्टमुळे. आयपीए मागवली, की तक्रार येते कडू आहे. हॉप्स जास्त घातल्याने ती कडूच होणार. माहिती नसणं हा ग्राहकाचा गुन्हा नाही. चार वाक्यांत समजावून सांगणं किंवा आधी घोटभर चाखायला देणं, हे हॉटेलचं काम आहे. साडेसातला ते होतं. साडेनऊला चार वाक्यं बोलायला वेळ कुणाकडे असतो?

मात्र प्रत्येक तक्रार अज्ञानातून येते असंही नाही. बिअर ज्या नळ्यांतून येते त्या वेळच्या वेळी धुतल्या नाहीत, तर चव आंबट किंवा जुन्या लोण्यासारखी होते. तशी लागली तर ग्लास परत करा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

बिलाच्या तळाशी

सर्वांत जास्त भांडणं बिलावरून होतात, आणि इथे कायदा समजून घ्यायलाच हवा. समजा चार मित्रांचं खाणं-पिणं ४,४०० रुपयांचं झालं. दहा टक्के सर्व्हिस चार्ज म्हणजे ४४० रुपये. मेसला जेवणाऱ्या पोराच्या तीन-चार दिवसांच्या जेवणाचे पैसे. जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट असतो. परमिट रूममधला हा व्हॅट १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला. पुढे जून २०२५ मध्ये राज्य सरकारने विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्कही वाढवलं आणि या सगळ्या वाढींच्या विरोधात १४ जुलै २०२५ रोजी राज्यभरातल्या बारमालकांनी बंद पाळला. हे कर सरकारकडे जातात, ते भरावेच लागतात. सर्व्हिस चार्ज मात्र कर नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलने सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावाने घ्यायचा नाही, तो द्यायला नकार दिला म्हणून प्रवेश नाकारायचा नाही, असं त्यात म्हटलं होतं. हॉटेल संघटना कोर्टात गेल्या आणि त्याच महिन्यात सूचनांना स्थगिती मिळाली. पुढे २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना योग्य ठरवल्या आणि दोन्ही याचिकाकर्त्या संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपयांचा दंड केला. ग्राहक स्वखुशीने टिप देऊ शकतो, पण सक्तीने वसूल करणं ही अनुचित प्रथा आहे, असा त्या निकालाचा सूर होता. या निकालाविरुद्ध अपीलही झालं आहे.

म्हणजे बिलात सर्व्हिस चार्ज दिसला, तर “हा काढा” असं शांतपणे म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. नाहीच काढला, तर बिलाचा फोटो ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे फी लागत नाही. बिलावर एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर असणंही १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचं आहे. तोही बघत चला.

एक बाजू मात्र आपल्या विरोधातही जाते. बाटलीबंद पाणी एमआरपीपेक्षा महाग लावलं म्हणून बरेच जण भांडतात. हॉटेलात बसून घेतलेल्या पाण्याला एमआरपीपेक्षा जास्त आकारता येतं, कारण तिथे फक्त वस्तू नाही, बसायची जागा आणि सेवाही विकली जाते, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं आहे. भांडायचं तर आधी आपली बाजू पक्की हवी.

मित्राला मी विचारलं, “सर्व्हिस चार्ज तुम्हाला मिळतो ना?” तो हसला. “किती जमा झाला ते आम्हाला कुणी सांगत नाही. पण गिऱ्हाइकानं काढायला लावला, की कॅप्टन आमच्याकडं बघतो.” ग्राहकाला वाटतं पैसे वेटरला गेले, म्हणून तो टिप देत नाही. वेटरला त्यातलं नेमकं किती मिळालं ते माहीत नसतं. तुम्हाला सेवा आवडली असेल, तर सर्व्हिस चार्ज काढायला लावून तेवढीच किंवा थोडी कमी रक्कम त्या पोराच्या हातात देणं, हा मला त्यातल्या त्यात सरळ मार्ग वाटतो.

दारावरचं ओळखपत्र

एक स्टार देण्याचं आणखी एक कारण रिव्ह्यूंमध्ये सारखं दिसतं. ‘आयडी मागितला, सगळ्यांसमोर अपमान केला.’ इथे मात्र मी हॉटेलच्या बाजूने आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय २१ आहे आणि हार्ड लिकरसाठी २५. हा लेख वाचणाऱ्या बहुतेकांना यातलं काहीच लागू होत नाही, म्हणजे त्यांना बिअरही मिळणार नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनीअर जागीच गेले. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता, असं पोलिसांचं म्हणणं होतं. अल्पवयीनांना दारू दिल्याच्या आरोपावरून पबच्या मालक-मॅनेजर मंडळींना अटक झाली. त्यानंतर दारात उभा असलेला माणूस आयडी मागतो तो तुमचा चेहरा आवडला नाही म्हणून नाही. तो चुकला तर नोकरी त्याची जाते, आणि रस्त्यावर जीव तिसऱ्याचाच जातो.

तारे मोजतं कोण?

आता त्या रिव्ह्यूंकडे वळू. जेवण ठीकठाक झालं, घरी आलो, झोपलो. यावर रिव्ह्यू कोण लिहितं? लिहिणारे बहुतेक एक तर खूश असतात किंवा भडकलेले. मधला मोठा गट गप्प बसतो. म्हणून एकाच हॉटेलवर पाच आणि एक असे दोन ढीग दिसतात, आणि ३.९ या सरासरीत प्रत्यक्षात कुणाचाच अनुभव नसतो.

पण हे तारे पोकळ नाहीत, त्यांच्यामागे पैसा आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल लुका यांनी अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास केला. ‘येल्प’ या साइटवर एक स्टार वाढला, तर उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढतं, असं त्यांना आढळलं. आणि हा परिणाम मोठ्या साखळी हॉटेलांवर नाही, तर स्वतंत्र हॉटेलांवर दिसला. एवढं पणाला लागलं, की खोटेपणाही येणारच. २०१७ मध्ये लंडनच्या ऊबा बटलर नावाच्या पठ्ठ्याने आपल्या घरामागच्या शेडला रेस्टॉरंट म्हणून ‘ट्रिपअ‍ॅडव्हायझर’वर टाकलं, मित्रांकडून खोटे रिव्ह्यू लिहून घेतले आणि अस्तित्वातच नसलेलं हॉटेल लंडनमध्ये पहिल्या नंबरवर नेऊन बसवलं. आपल्याकडेही भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक आणलं, ते याच काळजीपोटी.

म्हणून रिव्ह्यू वाचताना तारे कमी आणि मजकूर जास्त वाचा. आलेला दिवस कोणता, वेळ कोणती, किती जण होते, तक्रार कशाची, हे बघा. तुम्ही मंगळवारी सहाला जाणार असाल, तर शनिवारी साडेनऊचा रिव्ह्यू तुमच्या फार कामाचा नाही. दहा जणांनी वेगवेगळ्या दिवशी “बिल नीट तपासा” म्हटलं असेल, तर मात्र ते हॉटेलचं वळण आहे.

लिहिताना तर आणखी जपून. वाट बघावी लागली, जेवण गार आलं, सर्व्हिस चार्ज सक्तीने घेतला, हे जरूर लिहा. गप्प बसून काही सुधारत नाही. पण माणसं किती ठेवायची, दारात काय सांगायचं, बिलात काय लावायचं हे नावाची पट्टी लावलेला पोरगा ठरवत नाही. त्याचं नाव लिहायचं तर कौतुकात लिहा. त्याने खरंच शिवी दिली, हात उगारला, पैसे लंपास केले, तर मॅनेजरकडे लेखी तक्रार करा. ‘तोंड पाडून वागला’ एवढ्यावर जाहीर नाव टाकताना, तो त्या वेळी नऊ टेबलं सांभाळत होता हे लक्षात असू द्या.

टपरीवर

आमचं केम कुंकवासाठी ओळखलं जातं. इथे माल घ्यायला आलेला व्यापारी कुंकू चिमटीत घेतो, तळहातावर घासून बघतो आणि नाही पटलं तर तिथेच तोंडावर सांगतो. करणाराही तिथेच असतो. तो उत्तर देतो, भाव कमी करतो किंवा दुसरं पोतं उघडतो. शहरातल्या हॉटेलात खाणारा आणि ठरवणारा यांची कधी गाठच पडत नाही. दोघांच्या मधे असतो फक्त एक पोरगा आणि त्याच्या छातीवरची पट्टी.

त्या दिवशी टपरीवरचा चहा पांचट झाला होता. मित्राने घोट घेतला आणि म्हणाला, “काका, आज दूध कमी पडलं का?”

“गाडी आली ना आत्ता, एकदम गर्दी झाली बघ,” काका म्हणाले. “थांब, दुसरा टाकतो.”

दुसरा चहा फक्कड होता. मित्राने ग्लास ठेवला, दोन्ही चहाचे पैसे दिले. काकांनी एकाचेच घेतले. मग रात्रीच्या गाडीने तो पुण्याला गेला. येत्या शनिवारी त्याला पुन्हा ड्युटी मिळाली होती.